साहित्य आणि राजकारणावरचा गटप्रकल्प: पहिल्या भेटीपासून सादरीकरणापर्यंत

गटप्रकल्पाची पहिली भेट बहुतेक वेळा दहा मिनिटांत आटोपते. पाच जण जमतात, विषय ठरतो आणि कुणीतरी म्हणतं, "तुम्ही दोघी नाटकाचं बघा, आम्ही तिघं राजकारणाचं बघतो. शेवटच्या आठवड्यात एकत्र करू." काम वाटून झालं म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. प्रकल्प बिघडतो तो नेमका इथेच.

विद्यार्थी असताना आम्ही असाच एक प्रकल्प केला होता. शेवटी हातात आले ते दोन वेगवेगळे निबंध. एकात लेखकाचा परिचय, कथानक, भाषाशैली. दुसऱ्यात त्या काळातली सरकारं, आंदोलनं, कायदे. परीक्षकांनी विचारलं, "पहिला भाग वाचलाच नाही तर दुसऱ्याचं काही अडतं का?" काहीच अडत नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही गटासोबत बसले की हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेवते. कथानक पुस्तकात आहेच, घटना इतिहासाच्या ग्रंथांत आहेतच. त्या दोघांची गाठ कुठे आणि कशी बसली आहे, एवढंच तुम्हाला दाखवायचं असतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं. म्हणून जोडण्याचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकायचं नाही. सुरुवात तिथूनच करायची.

विषयाऐवजी प्रश्न शोधा

"साहित्य आणि राजकारण" हा विषय नाही, ते एक अख्खं कपाट आहे. "स्वातंत्र्यपूर्व नाटकातील राजकीय जाणीव" हेही कपाटच, फक्त थोडं लहान. तुम्हाला हवा आहे एक प्रश्न, ज्याचं उत्तर शोधावं लागेल आणि जे चुकीचंही ठरू शकेल. "हे नाटक सरकारला धोकादायक का वाटलं?" हा प्रश्न झाला. "या कवितेतली भाषा त्या काळच्या प्रतिष्ठित कवितेला काय सुनावत होती?" हाही झाला. ज्याचं उत्तर पुस्तक न उघडता देता येतं, तो प्रश्न सोडून द्या.

प्रश्न सापडत नसेल तर आधी कलाकृती निवडा, आणि ती लहान निवडा. एक नाटक, एक दीर्घकविता, एक भाषण, दोन-तीन कथा. गटातल्या प्रत्येकाला ती दोनदा वाचता आली पाहिजे. सहाशे पानांची कादंबरी घेतलेल्या गटात ती पूर्ण वाचणारा बहुतेक एकच जण असतो आणि बाकीचे त्याच्या भरवशावर असतात.

साहित्याचं राजकारणाशी नातं एकाच प्रकारचं नसतं, हे निवडतानाच ओळखलं तर पुढची बरीच धावपळ वाचते. काही कलाकृती सरळ सत्तेबद्दलच असतात, जशी अरुण साधूंची 'सिंहासन'. काही आडून बोलतात: पुराणकथा, प्राण्यांची गोष्ट, परीकथा असा वेष घेतात. काहींमध्ये लेखक स्वतःच राजकारणात उतरलेला असतो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली आला आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरच्या संस्थापकांमध्ये ते होते. कधी साहित्याचं व्यासपीठच राजकीय होतं. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत तिच्याविरुद्ध बोलल्या. आणि कधी पुस्तक छापणं हाच गुन्हा ठरतो. निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम मांडणारं दीनबंधु मित्र यांचं 'नीलदर्पण' हे बंगाली नाटक १८६० मध्ये आलं. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रकाशात आणल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला.

तुमची कलाकृती यांपैकी कुठे बसते यावर पुरावा कुठे शोधायचा ते ठरतं. आडून बोलणाऱ्या नाटकासाठी प्रेक्षकांनी त्यातून काय अर्थ घेतला ते शोधावं लागतं. खटला झालेल्या पुस्तकासाठी न्यायालयात काय मांडलं गेलं ते.

सगळ्यांनी तीच कलाकृती, तीही दोनदा

यात सवलत नाही. ज्याला राजकारणाचीच आवड आहे त्यानेही कविता वाचायची आणि जिला कविताच आवडते तिनेही कायदा वाचायचा.

पहिलं वाचन एकेकट्याने आणि कोऱ्या मनाने. प्रस्तावना वाचू नका, इंटरनेटवर लेखकाची माहिती शोधू नका. पेन्सिल घ्या आणि जिथे अडखळलात, राग आला, हसू आलं किंवा "हे इथे का आलं?" असं वाटलं तिथे फक्त खूण करा. या खुणा पुढे सोन्यासारख्या उपयोगी पडतात, कारण एकदा का पार्श्वभूमी कळली की मग सगळंच अपेक्षित वाटू लागतं आणि अडखळायचं थांबतं.

दुसरं वाचन एकत्र बसून, मोठ्याने. नाटक असेल तर भूमिका वाटून घ्या. माझा अनुभव असा की अर्धे शोध या वाचनातच लागतात. डोळ्यांनी वाचताना निसटलेली गोष्ट कानाला बरोबर लागते: एक पात्र दुसऱ्याला "अहो" म्हणतं आणि तिसऱ्याला "अरे", कुणाला एकही स्वगत मिळत नाही, कुणाचं वाक्य दर वेळी मधेच तोडलं जातं. सत्ता म्हणजे काय हे अशाच ठिकाणी दिसतं.

इथे नवख्या गटांची एक सवय मोडावी लागते. ते कलाकृतीत फक्त 'राजकीय शब्द' शोधतात: सरकार, क्रांती, पक्ष, निवडणूक. सापडले की अधोरेखित करतात, नाही सापडले की हिरमुसतात. पण राजकारण रचनेत असू शकतं. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकात रंगमंचावर माणसांची एक रांग असते. ती गाते, डोलते, आणि क्षणात पाठ फिरवून भिंत होते. भिंतीमागे काय चाललंय ते झाकलं जातं, पुन्हा उघडं केलं जातं. झाकणारी माणसं तीच, देवाचं नाव घेणारीही तीच. त्या भिंतीबद्दल एक शब्द न लिहिता नुसत्या संवादांवर लिहिलं तर नाटकातलं अर्धं राजकारण हातातून सुटतं. 'गोलपिठा'तही तसंच. ज्या वस्तीची बोली छापील कवितेत येत नव्हती ती तिथे थेट येते. ते शब्द तिथे असणं हेच एक विधान आहे.

तीन रकान्यांची वही

आता सगळ्यात महत्त्वाचं साधन. एक सामायिक दस्तऐवज उघडा, किंवा साधी वही घ्या, आणि तीन रकाने आखा. पहिल्यात कलाकृतीतली ओळ किंवा प्रसंग, पान क्रमांकासह. दुसऱ्यात बाहेरची घटना, कायदा किंवा व्यक्ती, तारखेसह. तिसऱ्यात या दोघांना जोडणारा पुरावा. पहिले दोन रकाने एका संध्याकाळीत भरतात. प्रकल्पाचा जीव तिसऱ्यात असतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' घेऊन हे करून दाखवते.

नाटकाची गोष्ट महाभारतातली, विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात आहेत. द्रौपदी सैरंध्री म्हणून दासीचं काम करते आहे, राजाचा मेहुणा कीचक तिच्या मागे लागला आहे. कंकभट्टाच्या वेषातला युधिष्ठिर धीर धरायला सांगतो. बल्लव झालेला भीम कीचकाला मारून टाकतो. हा झाला पहिला रकाना.

दुसऱ्यात: १९०५ ची बंगालची फाळणी आणि ती करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. काँग्रेसमधले मवाळ आणि जहाल. लेखक खाडिलकर म्हणजे 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

मग गट उत्साहाने तिसऱ्या रकान्यात लिहितो: "कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल." थांबा. हे अजून पुरावा नाही, हे तुम्हाला दिसलेलं साम्य आहे. दुसरा कुणी म्हणू शकतो, ही तर शेकडो वर्षं सांगितली जाणारी गोष्ट आहे, तुम्ही उगाच अर्थ चिकटवताय. त्याला उत्तर देता येईल असं काहीतरी तिसऱ्या रकान्यात हवं. बंदी हा एक पुरावा: निदान सरकारला तरी यात निव्वळ पुराणकथा दिसली नव्हती. दुसरा पुरावा त्याच काळातल्या वाचनाचा. लंडनच्या 'टाइम्स'चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांचं 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक १९१० मध्ये आलं. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नाही, तरी थिएटरातल्या प्रत्येकाला कीचक कोण ते कळतं, अशा अर्थाचं विवेचन त्यात उद्धृत केलेलं आहे.

आणि इथेच पुढचा प्रश्न उभा राहतो: हे सांगतंय कोण? चिरोल ब्रिटिश सत्तेच्या बाजूने लिहिणारे. टिळकांना त्यांनी असंतोषाचे जनक ठरवलं, टिळकांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि १९१९ मध्ये तो हरले. म्हणजे हा साक्षीदार तटस्थ नाही. म्हणून तो टाकाऊ होत नाही, पण त्याच्या नावापुढे वहीत खूण करून ठेवायची: "सत्तेच्या बाजूचा वाचक". मग त्याच्या जोडीला दुसऱ्या बाजूचा वाचक शोधायचा.

या एकाच उदाहरणात तारखांचे दोन सापळेही आहेत. पहिला: "कर्झनच्या राजवटीत हे नाटक आलं" असं वाक्य हमखास लिहिलं जातं. कर्झन १९०५ मध्येच पायउतार होऊन परतला होता. १९०७ मध्ये व्हाइसरॉय होते लॉर्ड मिंटो. मग गेलेल्या माणसाचा वध रंगभूमीवर का? याचं उत्तर शोधताना प्रकल्प एकदम खोल जातो, कारण आता प्रश्न एका माणसाचा राहत नाही, लोकांच्या मनात उरलेल्या अपमानाचा होतो. दुसरा: "सुरतेच्या फुटीवर आधारित नाटक". सुरतेला काँग्रेस फुटली ती डिसेंबर १९०७ मध्ये, नाटक त्याच्या आधीचं. मवाळ-जहाल वाद तेव्हा होता, फूट नव्हती. एका तारखेने वाक्य उलटं होतं: नाटक फुटीचं प्रतिबिंब नाही, फुटीआधीच्या तापलेल्या हवेचा भाग आहे.

लिहिल्याची तारीख आणि छापल्याची तारीख यांतही असाच फरक ठेवा. प्राण्यांच्या गोष्टीतून सोव्हिएत राजवटीवर टीका करणारी जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली, पण लिहून झाली होती १९४४ च्या सुरुवातीला, सोव्हिएत संघ ब्रिटनचा युद्धातला मित्र असताना. अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. जो गट फक्त प्रकाशनाचं साल बघतो तो तिला शीतयुद्धाची कादंबरी म्हणून मोकळा होतो आणि मित्रराष्ट्रावर टीका करण्याची अडचण, जी खरी राजकीय गोष्ट, त्याच्या नजरेतून सुटते.

कामं विषयाने वाटू नका

वही भरायला लागली की काम वाटा, पण साहित्य-राजकारण अशी फाळणी करू नका. जबाबदाऱ्यांनी वाटा. एक जण ओळी सांभाळेल: प्रत्येक अवतरण मूळ पुस्तकाशी अक्षरशः ताडून बघणं, आवृत्ती आणि पान नोंदवणं. (सगळ्यांकडे एकच आवृत्ती असू द्या. दोन आवृत्त्यांतले पान क्रमांक जुळवण्यात एक अख्खी रात्र गेलेली मी पाहिली आहे.) एक जण तारखा सांभाळेल: कुठलंही साल किमान दोन ठिकाणी तपासल्याशिवाय वहीत पक्कं करायचं नाही. एक जण जुळवाजुळव करेल, म्हणजे मसुदा एका आवाजात आणेल.

आणि एक जण विरोधक. त्याचं काम एकच, तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीला "कशावरून?" विचारायचं. हे काम आठवड्याआठवड्याने फिरतं ठेवा. एकाच व्यक्तीकडे राहिलं तर ती नकोशी होते. फिरतं राहिलं तर प्रत्येकाला प्रश्न विचारायची सवय लागते आणि स्वतःच्या नोंदीही तो अधिक काळजीने लिहितो.

काम न करणारा सदस्य हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. यात थांबून राहू नका. दुसऱ्या आठवड्यातच बोला, आणि गटाच्या ग्रुपवर नाही, त्याच्याशी एकट्याशी. "तू काहीच करत नाहीस" याने भांडण होतं. "दुसऱ्या अंकातल्या कंकभट्टाच्या संवादांच्या नोंदी गुरुवारपर्यंत टाकशील का? त्याशिवाय माझा परिच्छेद पुढे सरकत नाहीये" याने बऱ्याचदा काम होतं. पुष्कळदा माणूस आळशी नसतो, कुठून सुरुवात करायची ते त्याला कळलेलं नसतं.

मतभेद झाले तर

होतीलच. राजकारण विषयात आहे म्हटल्यावर गटातल्यांची मतंही टेबलावर येणार. ती दाबू नका, पण वाक्यांना रंग द्या. मसुद्यात हिरव्या रंगात कलाकृतीत प्रत्यक्ष असलेलं, निळ्यात बाहेरच्या पुराव्याने सिद्ध होणारं, लालमध्ये आपलं मत. तासभर चाललेला वाद रंग दिल्यावर कितीतरी वेळा पाच मिनिटांत मिटतो, कारण दोघंही लाल वाक्यावर भांडत होते हे दिसतं.

'घाशीराम कोतवाल' हेच पुन्हा घ्या. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि वाद पेटला. नाना फडणवीसांचं विपर्यस्त चित्रण केलं, ब्राह्मण समाजाची बदनामी केली, असा आक्षेप होता. हे ऐतिहासिक नाटक नाही, अशी विजय तेंडुलकरांची भूमिका होती. तुमच्या गटात दोन्ही बाजूंची माणसं असतील तर ती संधी समजा. ज्याला नाटक पटतं त्याने आक्षेप घेणाऱ्यांची बाजू लिहायची आणि ज्याला खटकतं त्याने नाटककाराची. कसोटी अशी की त्या बाजूच्या माणसाने वाचून "हो, हेच म्हणायचं होतं" असं म्हणावं. मग दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवा आणि आपलं मत शेवटी, लालमध्ये.

लिहायला बसताना

एक वाक्य गटाने मिळून बाद करून टाका: "साहित्य हा समाजाचा आरसा आहे." हे वाक्य आलं की विचार थांबतो. आरशावर कुणी बंदी घालत नाही, आरसा छापल्याबद्दल कुणी तुरुंगात जात नाही. तुमच्या कलाकृतीने काय केलं ते सांगा: चिडवलं, झाकलं, लपवून नेलं, धीर दिला, सत्तेला खूशही केलं असेल. क्रियापद नेमकं असलं की परिच्छेद आपोआप नेमका होतो. आणि हो, सत्तेची भलामण करणारं साहित्यही राजकीयच असतं. फक्त बंडखोर लेखकच निवडायचे असा काही नियम नाही.

प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की तपासा: यात कलाकृतीतली एखादी ठोस गोष्ट आहे का, आणि बाहेरच्या जगातली एखादी ठोस गोष्ट आहे का? दोन्हींपैकी एक नसेल तर तो परिच्छेद त्या जुन्या दोन निबंधांच्या वाटेने निघाला आहे. एका परिच्छेदात खूप अडलात तर तो दोघांनी शेजारी बसून लिहा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. वेळ लागतो, पण सांधा पक्का होतो.

कथानक अर्ध्या पानात संपवा. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार यांतलं जे तुमच्या प्रश्नाला लागतं तेवढंच ठेवा. खाडिलकर 'केसरी'त होते हे लागतं. बाकीचं चरित्र गाळलं तरी चालतं. इंटरनेटवरचे तयार सारांश किंवा एआयने लिहून दिलेला मजकूर दिशा शोधायला वापरा हवं तर, पण त्यातली एकही ओळ किंवा तारीख मूळ पुस्तक न उघडता मसुद्यात घेऊ नका. तिथली अवतरणं पुष्कळदा कुणीच न लिहिलेली असतात.

सादरीकरणाची तयारी

भाग वाटून घेतलेत तरी सरावाच्या वेळी ते अदलाबदल करा. तारखा सांभाळणाऱ्याने संवाद समजावून सांगायचा, ओळी सांभाळणारीने बंदीची हकिगत. जिथे कुणी अडखळेल ती जागा अजून सगळ्यांची झालेली नाही, तेवढीच पुन्हा बसून वाचा.

सुरुवात लेखकाच्या फोटोने करण्याऐवजी ओळीने करा. तुमच्या वहीतली सगळ्यात बोलकी नोंद निवडा आणि तो संवाद दोघांनी उभं राहून वाचा, नीट, सावकाश. मग पडद्यावर फक्त तारीख दाखवा. मग प्रश्न. ऐकणाऱ्यांच्या मनात तिसरा रकाना आपोआप उघडतो आणि तो भरायला तुमच्याकडे दहा मिनिटं असतात.

आदल्या दिवशी गटाबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला मसुदा द्या, पण अर्धाच. साहित्याबद्दलची सगळी वाक्यं झाकून उरलेलं वाचायला सांगा आणि कुठे अडतंय ते तिला विचारा. ती दर दोन-तीन ओळींना थांबून "पण हे कशाबद्दल चाललंय?" असं विचारू लागली, तर छापायला पाठवा.